भरतीच्या दिवशीचा कोरा रकाना

लष्करातून प्रकृतीच्या कारणास्तव बाहेर पडलेल्या माणसाच्या सेवानोंदीत अखेरच्या पानावर एक वाक्य असते. आजार किंवा इजा सेवेमुळे उद्भवली की नाही, आणि आधीपासून असेल तर सेवेमुळे बळावली की नाही, एवढेच ते वाक्य सांगते. दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर पडले की वीस वर्षांची नोकरीही त्या दोन शब्दांपुढे दुबळी ठरते. ही नोंद कोण करतो, ती चुकली तर दुरुस्त कशी होते आणि दुरुस्तीचा हक्क माणसाला कधीपासून मिळाला, याचा हा धागा आहे. थोडा दीर्घ आहे, सावकाश वाचावा.

सुरुवात यवतमाळपासून करू, कारण या जिल्ह्याचा आधुनिक इतिहासच फौजेच्या हिशेबातून सुरू होतो. १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. कारण होते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेचा थकलेला खर्च. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि पगाराची थकबाकी डोईजड. तो खर्च भागवण्यासाठी वऱ्हाडचा महसूल लावून देण्यात आला. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. पैनगंगेपलीकडे हिंगोलीला या फौजेची छावणी होती. म्हणजे वणी-दारव्ह्याच्या काळ्या मातीत राबणारा कुणबी आपल्या साऱ्यातून एक फौज पोसत होता. धडधाकट शिपायाचा खर्च इतक्या काटेकोरपणे मांडला जात असताना, निकामी झालेल्या शिपायाचे काय होई?

हा प्रश्न कंपनीच्या आधीचा आहे आणि त्याचे एक उत्तर आपल्याकडे लिहून ठेवलेले आहे. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला बसून कृष्णाजी अनंत सभासदाने शिवचरित्र लिहिले. त्यात प्रतापगडच्या युद्धानंतरची व्यवस्था येते. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले आणि जखमींना जखमेचे स्वरूप पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. शिवकालाच्या लेखनात हा तपशील सहसा औदार्याचा दाखला म्हणून येतो. मला तो प्रशासनाचा दाखला म्हणून अधिक मोलाचा वाटतो. जखमेची प्रतवारी करायची तर ती कोणीतरी पाहिली पाहिजे, तोलली पाहिजे आणि लिहिली पाहिजे. आजच्या वैद्यकीय मंडळाची टक्केवारी याच कामाचा वारसा सांगते. फरक असा की प्रतापगडाखाली जखम डोळ्यांना दिसत होती आणि ती कोणत्या लढाईत झाली याबद्दल शंका नव्हती. वाद सुरू होतो तो न दिसणाऱ्या जखमांपासून.

कंपनीच्या काळात निवृत्त आणि निकामी सैनिकांची सोय झाली, पण तिचा सूर उपकाराचा होता. १७७० साली सुरू झालेला क्लाइव्ह फंड हे त्याचे नमुनेदार उदाहरण. अपंग झालेल्या अधिकाऱ्यांसाठी व गोऱ्या सैनिकांसाठी उभारलेल्या या निधीचे मूळ भांडवल मीर जाफरने क्लाइव्हला ठेवलेले पाच लाख रुपये होते. प्लासीच्या विश्वासघाताची ही रक्कम कोणाच्या उपयोगी पडली, हे इतिहासाच्या खट्याळपणाचे एक उदाहरणच. या फंडातून मदत हवी असेल तर अधिकाऱ्याला आपली मालमत्ता ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असल्याचे शपथेवर सांगावे लागे. गरिबी सिद्ध केली की मदत मिळे. हक्क सिद्ध करण्याची वाटच नव्हती.

देशी शिपायांसाठी महाराष्ट्रातले ठिकाण होते दापोली. १८१८ साली दक्षिण कोकणची लष्करी छावणी तिथे बसली, म्हणून जुने लोक आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. १८४० च्या सुमारास नियमित पलटणी हलवण्यात आल्या आणि मागे राहिली ती वयोवृद्ध शिपायांची पलटण. तीही १८५७ मध्ये मोडली. तरी पेन्शनर शिपायांची वस्ती टिकली. सुभेदार मेजर रामजी सकपाळ १८९४ साली निवृत्त झाल्यावर कुटुंबासह याच गावी आले, तेव्हा भीमराव अगदी लहान होते. गोपाळबाबा वलंगकर हेही दापोलीचेच पेन्शनर. सेवेची नोंद ही सन्मानाची मिळकत असते आणि ती नाकारली गेली तर अर्ज लिहून भांडता येते, ही जाणीव याच वस्तीतून पुढे आली. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाल्यावर वलंगकरांनी तयार केलेला विनंतीअर्ज हा एका अर्थाने संपूर्ण समाजाची सेवानोंद दुरुस्त करण्याचा अर्ज होता.

आता खरा वळणबिंदू. पुराव्याचा भार कोणावर? पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये सर्वसाधारण रीत अशी होती की आजार सेवेमुळे झाला हे सैनिकाने दाखवावे. विचार करा, वाळवंटातून क्षय घेऊन परतलेला माणूस हे कशाच्या आधारे दाखवणार? नोंदी सरकारच्या ताब्यात, डॉक्टर सरकारचे आणि साक्षीदार अर्धे मेलेले. १९४३ साली संसदेत आणि वृत्तपत्रांत मोठी ओरड झाली, नियम उलटवण्यात आला आणि पेन्शनच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमण्याचा कायदा झाला. माणूस भरतीच्या वेळी निरोगी होता असे धरून चालायचे. तसे नव्हते हे दाखवणे सरकारचे काम. रास्त शंका उरली तर तिचा लाभ सैनिकाला. पुढे लॉर्ड डेनिंग म्हणून गाजलेल्या न्यायाधीशांनी युद्धोत्तर काळात अशी पुष्कळ अपिले ऐकली. रास्त शंका म्हणजे काय, याचे त्यांनी १९४७ साली केलेले विवेचन आजही फौजदारी खटल्यांत सांगितले जाते. ते मुळात एका पेन्शनच्या दाव्यात केलेले आहे.

हे तत्त्व भारतीय नियमांतही आले. १९८२ ची पात्रता नियमावली याबाबत आश्चर्य वाटावे इतकी स्पष्ट होती. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीच्या कागदावर जो आजार नोंदवलेला नाही, तो माणसाला त्या दिवशी नव्हता असे मानावे. पुढे त्याच आजारामुळे त्याला सेवेतून काढले, तर तो सेवेतच उद्भवला असे सर्वसाधारणपणे धरावे. तसे नसेल, म्हणजे आजार सुप्त होता आणि तपासणीत सापडण्याजोगा नव्हता असे डॉक्टरांचे मत असेल, तर त्यांनी त्याची कारणे लिहावीत. दावेदाराकडून पुरावा मागू नये.

म्हणून या धाग्याचे नाव कोरा रकाना. दहा-पंधरा वर्षे भरत गेलेल्या जाडजूड फायलीत सैनिकाचा सर्वांत भक्कम साक्षीदार म्हणजे पहिल्या दिवशीच्या कागदावरची ती रिकामी जागा, जिथे डॉक्टरांनी काहीही लिहिले नाही.

नियम स्पष्ट असला तरी व्यवहार निराळा चालला. वैद्यकीय मंडळे ‘प्रकृतिगत आजार, सेवेशी संबंध नाही’ असा एका ओळीचा शेरा मारत आणि पेन्शन कार्यालये तो शेरा देववाणीसारखा मानत. धरमवीर सिंग यांचे प्रकरण याच शेऱ्याचे. १९८५ साली ते सिग्नल्समध्ये भरती झाले. नऊ वर्षांनी अपस्माराच्या झटक्यांमुळे, २० टक्के कायम अपंगत्व ठरवून, त्यांना घरी पाठवण्यात आले. पेन्शन नाकारली गेली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला, खंडपीठाने तो फिरवला. अखेर जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले ते इतकेच: भरतीच्या वेळी हा आजार नोंदवला होता का? नव्हता. मग तो तेव्हा का सापडू शकला नाही, याची कारणे मंडळाने लिहिली आहेत का? नाहीत. तेवढ्यावर निकाल लागला. या निकालानंतर देशभरच्या शेकडो अर्जांचा पाया हाच झाला, आणि गंमत अशी की न्यायालयाने नवे काहीच निर्माण केले नव्हते. तीस वर्षांपूर्वीचा नियम फक्त मोठ्याने वाचून दाखवला होता.

त्याच वर्षीच्या वीरपाल सिंग यांच्या खटल्यात न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले. १९७७ साली मनोविकाराचे निदान करून त्यांना सेवामुक्त केले होते. न्यायमूर्तींनी मानसशास्त्राचे ग्रंथ उघडले, त्या निदानामागची निरीक्षणे किती तोकडी आहेत ते पाहिले आणि नव्या मंडळाकडून फेरतपासणीचा आदेश दिला. वैद्यकीय मताचा आदर करावा, पण कारणांशिवायचे मत हे मत नसते, असा त्याचा अर्थ.

ही दोन्ही उदाहरणे जवानांची आहेत. अधिकाऱ्यांच्या बाबतीत तत्त्व तेच, पण फायलीतले सापळे वेगळे. लष्करात प्रत्येकाची ‘शेप’ नावाची वैद्यकीय श्रेणी असते. मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच अंगांना एकपासून पाचपर्यंत अंक मिळतात. श्रेणी घसरली की अधिकाऱ्याला लगेच काढतातच असे नाही. त्याला टेबलावरचे काम मिळते, बढती अडते, बरोबरीचे पुढे जातात आणि एक दिवस तो स्वतःच मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज देतो. इथे घात होई. नोंदीत ‘स्वेच्छेने’ हा शब्द पडला की अपंगत्वाचा लाभ गेला, मग पाय सीमेवर गेला असला तरी. २००९ च्या आदेशाने हा अन्याय दूर झाला, पण केवळ १ जानेवारी २००६ नंतर निवृत्त झालेल्यांसाठी. त्याआधीच्यांना न्यायाधिकरणांचे दरवाजे ठोठावावे लागले आणि २०१७ साली कुठे ती तारखेची भिंत पडली.

शब्दाची किंमत आकड्यांतही दिसते. १९९६ पासून अपंगत्वामुळे सेवामुक्त झालेल्यांची टक्केवारी पूर्णांकात नेण्याची तरतूद आली: ५० च्या आत असेल तर ५० धरावी, त्यापुढे ७५ पर्यंत असेल तर ७५, त्याहून जास्त असेल तर १००. परंतु नियत वयोमानाने निवृत्त झालेल्याला, इजा तीच असूनही, हा लाभ नव्हता. २० टक्क्यांचा एक माणूस ५० वर जाई आणि त्याच्या शेजारचा २० वरच राही. फरक फक्त निवृत्तीच्या कारणापुढे लिहिलेल्या शब्दाचा. राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हा भेद मोडला.

कॅप्टन सी. एस. सिद्धू यांचे प्रकरण तर वाचताना मान खाली जाते. १९६८ साली अल्पमुदतीच्या कमिशनवर अधिकारी झालेला हा तरुण १९७० मध्ये अतिउंच प्रदेशात कर्तव्यावर असताना अपघातात उजवा हात गमावून बसला. पेन्शनसाठी त्याची किती वर्षांची सेवा मोजायची, यावरून सरकार त्याच्याशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडले. ते अपील २०१० साली फेटाळले गेले तेव्हा अपघाताला चाळीस वर्षे होत आली होती. हात गेला याबद्दल वाद नव्हता, कर्तव्यावर गेला याबद्दलही नव्हता.

याउलट मुंबईच्या इयन कार्डोझो यांचा लढा. सेंट झेवियर्समध्ये शिकलेला हा अधिकारी १९७१ च्या युद्धात पाचव्या गुरखा रायफल्सबरोबर सिल्हेटला होता. सुरुंगावर पाय पडला, औषध नव्हते, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खुकरीने चेंदामेंदा झालेला पाय तोडून टाकला. नंतर युद्धबंदी असलेल्या पाकिस्तानी शल्यविशारदाने, मेजर महंमद बशीर यांनी, त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध कागदावरचा असल्यामुळे मागे पडतो. लाकडी पायाच्या अधिकाऱ्याला पलटणीचे नेतृत्व द्यायला लष्कर तयार नव्हते. कार्डोझो यांनी शारीरिक क्षमतेच्या चाचणीत दोन्ही पाय असलेल्यांना मागे टाकले, तरी फाइल हलेना. शेवटी सेनाप्रमुख जनरल रैना यांनी त्यांना लडाखमध्ये डोंगर चढताना स्वतः पाहिले आणि वाट मोकळी झाली. पायदळाच्या पलटणीचे आणि पुढे ब्रिगेडचे नेतृत्व करणारे ते पहिले अपंग अधिकारी ठरले आणि मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. सिद्धू यांना आपले नुकसान नोंदीत पुरते मोजले जावे असे वाटत होते. कार्डोझो यांना त्याच नुकसानामुळे आपण निकामी लिहिले जाऊ नये असे वाटत होते. दोघांचेही म्हणणे रास्त होते, आणि एकाच नियमपुस्तकाला दोघांना न्याय देता आला पाहिजे.

इथे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांचे नाव ओघानेच येते. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेल्या या जवानाने १९७२ साली हायडेलबर्गला जलतरणात सुवर्णपदक मिळवले. अर्जुन पुरस्कारासाठीचा त्यांचा अर्ज १९८२ मध्ये नाकारला गेला. पद्मश्री आली २०१८ साली आणि अर्जुन त्याही नंतर. देशाच्या स्मरणनोंदीतली दुरुस्ती लष्कराच्या नोंदीपेक्षा फार वेगाने होते असे नाही.

जगात इतरत्र काय झाले? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर अशा तक्रारींसाठी एकेका सैनिकाच्या नावे संसदेत विधेयके येऊ लागली. ते ओझे टाळण्यासाठी १९४६ च्या कायद्याने लष्करी नोंदी दुरुस्त करणारी नागरी मंडळे स्थापण्याची सोय झाली. वेस्ट पॉइंटचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर हेन्री फ्लिपर याला १८८२ मध्ये बडतर्फ केले होते. अशाच मंडळाने १९७६ साली ती नोंद बदलून सन्माननीय सेवामुक्ती केली. फ्लिपर त्याआधी छत्तीस वर्षे मातीत होता. तिथल्या मंडळाला थेट नोंदच बदलता येते. आपल्याकडे तसे स्वतंत्र मंडळ नाही. लष्करातच दोन टप्प्यांची अपिले, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने आलेले व २००९ मध्ये सुरू झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठी त्याचे पीठ मुंबईला आहे. त्यापूर्वी उच्च न्यायालयात रिट याचिका हाच मार्ग होता आणि यवतमाळच्या माणसासाठी तो नागपूरला जाई.

उशिराने भांडणाऱ्याचे काय? तरसेम सिंग १९८३ साली सेवामुक्त झाले आणि न्यायालयात गेले १९९९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली ठरवले की पेन्शन नाकारणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून दावा जिवंत राहतो. मात्र मागील थकबाकी सर्वसाधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळेल. सोळा वर्षांचे मौन असे महागात पडते.

पण इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे अशी याहूनही कठोर मुदत आहे. ज्याला पेन्शन मिळत नाही अशा जवानाची सेवापत्रे लष्करी नियमांनुसार साधारण पंचवीस वर्षांनी नष्ट केली जातात. चक्र लक्षात घ्या: पेन्शन चुकीने नाकारली, म्हणून तो पेन्शनर नाही, पेन्शनर नाही म्हणून त्याची फाइल जळाली, फाइल जळाली म्हणून चूक दाखवता येत नाही. भरतीच्या दिवशीचा तो कोरा रकानाही तिच्याबरोबर जातो. पुसद-उमरखेडकडचा एखादा तरुण आजोबांच्या सेवेचा माग काढू लागला, तर त्याला कागद गावात मिळणार नाहीत. आजोबा तोफखान्यात असतील तर नाशिक रोड, मराठा पायदळात असतील तर बेळगाव, महार रेजिमेंटमध्ये असतील तर मध्य प्रदेशातील सागर, गार्ड्समध्ये असतील तर कामठी, आणि अधिकारी असतील तर दिल्ली. सुरुवात यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून करता येते. घरातल्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असेल तर त्याची प्रत आजच काढून ठेवावी. पुराभिलेखागारातल्या मोडी कागदांइतकेच ते पुस्तक मोलाचे आहे.

शासनाच्या बाजूने एक प्रामाणिक प्रयत्न झाला होता. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. मंत्रालय आपल्याच जखमी सैनिकांविरुद्ध इतकी अपिले का करते, हा तिच्यापुढचा एक मुख्य प्रश्न होता. कारगिलमध्ये पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग तिचे सदस्य होते. समितीने अनावश्यक अपिले मागे घ्यावीत असे सुचवले. अपिले कमी झाली असे मात्र म्हणवत नाही.

२१ सप्टेंबर २०२३ रोजी नवी पात्रता नियमावली आली आणि त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना ती लागू झाली. जीवनशैलीशी निगडित आजारांवरून लाभ उकळले जातात, ते थांबवावेत, असे लष्करी नेतृत्वाचे म्हणणे आहे. या चिंतेत तथ्य नाही असे नाही. आयुष्यभर कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याचा रक्तदाब आणि सियाचिनमधल्या जवानाचा रक्तदाब एका तराजूत घालणे चूकच. पण शंकेचा लाभ सैनिकाला, हे तत्त्व जितके आक्रसेल तितका १९४३ पूर्वीचा काळ जवळ येईल. तो काळ कसा होता, हे वर पाहिलेच.

आणि ज्यांची सेवानोंदच नाही त्यांचे? पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथे किंवा डेहराडूनला प्रशिक्षण घेताना पाठीचा कणा मोडलेला, कोमात गेलेला छात्र अजून अधिकारी झालेला नसतो. कमिशन नाही म्हणून तो माजी सैनिक नाही, आणि त्याला मिळते ती पेन्शनऐवजी सानुग्रह रक्कम. १९८५ पासून असे सुमारे पाचशे छात्र घरी परतल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दार त्यांना उघडण्यात आले. भरतीच्या दिवशी या सर्वांचीही वैद्यकीय तपासणी झाली होती, आणि त्यांच्याही कागदावर तो रकाना कोराच होता.